रुद्रम्माची म्हैस आणि माझी साक्ष

रुद्रम्माबद्दल लिहायचं तर आधी माझ्या आवाजाबद्दल लिहावं लागेल. त्याला इलाज नाही.

माझा आवाज बरा आहे, असं मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. आमचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मी अंगणवाडीत सेविका आहे आणि आमच्या छोट्या चर्चची किल्ली माझ्याकडं असते. पाळकसाहेब उमरग्याहून महिन्यातून दोन रविवारी येतात. बाकीचे दिवस चर्च माझंच, असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे मी तसं म्हणायची. सकाळी झाडून काढताना एक गीत, संध्याकाळी दिवेलागणीला एक गीत आणि प्रार्थना, हा माझा तेवीस वर्षांचा नेम. संध्याकाळी कधी दोन बाया येतात, कधी चार, कधी मी आणि भिंतीवरची पाल.

संध्याकाळच्या गीताची तिसरी ओळ वर जाते. मीही वर जायची आणि तिथं आवाज फाटायचा. मग "थांबा, परत" म्हणून मी खालच्या पट्टीत पहिल्यापासून धरायची. सोबत कुणी नसलं तरी "थांबा, परत" म्हणायचीच. पालीला सांगितल्यासारखं. आमचे मालक म्हणतात, "तू गायला लागलीस की देव लगेच ऐकतो. दुसरं करणार काय?" पहिली काही वर्षं मी हे कौतुकच समजत होते.

भूकंपानंतर पुनर्वसनात प्लॉट वाटले तेव्हा चर्चला लागून असलेला प्लॉट माणिकप्पांना मिळाला. माणिकप्पा लिंगायत, थोडी कोरडवाहू जमीन आणि दोन-तीन जनावरं. रुद्रम्मा त्यांची बायको. तिचं माहेर कर्नाटकात, आळंदकडं. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर कायम इरकल लुगडं. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी तिचं मराठी कन्नडात भिजलेलंच होतं. म्हशीला शिव्या मराठीत द्यायची आणि लाड कन्नडात करायची. मला अक्का म्हणायची. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण तिच्याकडं बाईमाणसाला अक्काच म्हणायची रीत.

घरोघरी रतीब घालायची. तिच्या दुधात पाणी नसायचं, आणि बोलण्यातही नसायचं. एकदा मी नवी साडी नेसून दारात उभी होते. माप ओतता ओतता म्हणाली, "साडी बेस हाय अक्का. आत कोण हाय ते वळखू येईना बघ."

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा माती देऊन आम्ही घरी आलो, तर रुद्रम्मा ओट्यावर बसलेली. फडक्यात ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचं गाडगं. मी म्हटलं, घशाखाली उतरणार नाही. तर म्हणाली, "रडायला बी बळ लागतंय. खा." आणि मी खात असताना शेजारी बसून तिनं सांगितलं, "तुमच्यात बी पुरतात, आमच्यात बी पुरतात. तुमी निजवून, आमी बसवून. आमचं माणूस आळशी न्हाय अक्का. मेल्यावर बी आडवं व्हत न्हाय." सासू गेल्याच्या दिवशी मी तोंडात घास धरून हसले. मालकांनी आतून डोळे वटारले. रुद्रम्मानं त्यांनाही एक भाकरी दिली.

अशी ही रुद्रम्मा तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळपासून आपली म्हैस अगदी चर्चच्या भिंतीला, खिडकीखाली आणून बांधायला लागली. म्हशीचं नाव करेव्वा. कन्नडात काळीला करी म्हणतात, त्याला वर मानाचं अव्वा लावलेलं. माझी प्रार्थनेची वेळ झाली की रुद्रम्मा चरवी घेऊन तिथं बसायची. मला एखाद्या दिवशी उशीर झाला तर भिंतीपलीकडून हाक यायची, "हाडू अक्का, हाडू!" म्हणजे गा. मी अंगणवाडीच्या रजिस्टरात अडकले असेन, मालकांना ताप असेल, ती ऐकायची नाही. "उशीर झाला, हाडू!"

आता मला सांगा, दुसऱ्या कुणी काय अर्थ काढला असता? मी काढायचा तोच काढला. एक लिंगायत बहीण, भाषा वेगळी, देव्हारा वेगळा, आणि माझ्या गीतासाठी रोज दोन वेळा खिडकीखाली येऊन बसते! माझ्या आवाजात प्रभूनं काहीतरी ठेवलंय, याची मला खात्रीच पटली. मागच्या वर्षी सोलापूरला महिलांचा मेळावा होता. साक्ष द्यायला कोण उभं राहतं, असं विचारल्याबरोबर मी उठले. चारशे बायांसमोर माईक धरून सांगितलं की माझ्या साध्याशा गायनानं एक शेजारीण कशी प्रभूच्या भिंतीला येऊन टेकली. बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडली. मग मीही रडले, माझ्याच साक्षीवर.

परत येताना एसटीत मी आमच्या बायांना म्हटलंसुद्धा, "गर्व नाही हं मला याचा." कुणी विचारलं नव्हतं.

यंदा महाशिवरात्र झाली आणि आठ-दहा दिवसांत रुद्रम्मा गेली. छातीत कळ आली, सोलापूरला नेलं, तीन दिवसांनी गाडी परत आली. चौकातून मिरवत नेलं तिला, बसवून, हार घालून. मी भिंतीशी उभी होते. खरंच ती आडवी नव्हती. मला तिचं ते बोलणं आठवलं आणि लोकांदेखत हसू येईल की रडू, या भीतीनं मी पदर तोंडात धरला.

त्याच दिवशी मी चर्चमध्ये फर्मान काढलं. शेजारच्या घरी शिवगणाराधना, म्हणजे त्यांचं दिवसकार्य, होईपर्यंत आपल्याकडून गाण्याचा आवाज निघणार नाही. संध्याकाळची प्रार्थना मनातल्या मनात. रविवारी उपासनेला ढोलकी नाही, टाळी नाही, गीत नुसतं वाचायचं.

आमच्या पंच कमिटीचे रामकिसनमामा म्हणाले, "शोक त्यांचा आन् गप आपण?" मामांचं नाव राम आणि किसन दोघांचं, पण तीन पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती, आणि नियमाला पाळकसाहेबांपेक्षाही कडक.

"शेजारधर्म म्हणून काही असतो, मामा," मी म्हटलं.

बारा दिवस चर्च मुकं राहिलं. गप्प बसूनसुद्धा गर्व करता येतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी दार उघडून, ओठ मिटून बसायची आणि आपण किती समजूतदार आहोत याचा विचार करायची. पलीकडं करेव्वा हंबरायची. मला वाटायचं, मुक्या जनावराला मालकिणीची आठवण येते.

तेराव्या दिवशी, म्हणजे घरचं सगळं उरकल्यावर, आम्ही चर्चच्या पटांगणात सुगीच्या सणाची बैठक घेत होतो. ज्वारीची रास झाली की आमच्यात हा सण असतो. ज्याच्या त्याच्या शेतातलं, परसातलं जे असेल ते चर्चला अर्पण आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. ज्वारी, भोपळा, कोंबडी, अंडी, काहीही. बैठकीला मामा, मी आणि मामांची सून राजनंदिनी. ती गाण्याच्या तीन परीक्षा पास आहे, हे मामा दर बैठकीत सांगतात.

तेवढ्यात फाटकातून माणिकप्पा आले. हातात दावं, दाव्याला करेव्वा. मागं त्यांचा मुलगा उमाशंकर आणि सून शिवरंजनी. शिवरंजनीचं मनगट कापडानं बांधलेलं.

"घ्या," म्हणून माणिकप्पांनी दावं मामांच्या हातात दिलं.

"काय घ्या?"

"म्हैस. चर्चला. दान."

मामांनी हातातल्या दाव्याकडं बघितलं. मग म्हशीकडं. तिची शिंगं मामांच्या छातीपर्यंत येत होती.

"अप्पा, काय चालवलंय?" उमाशंकर वैतागून म्हणाला. "उद्या सकाळी नळदुर्गचा व्यापारी येतोय. मी शब्द दिलाय त्याला." मग आमच्याकडं वळून म्हणाला, "बाई, तुमीच सांगा. आई गेल्यापासून थेंब देईना ही. पेंड घातली, आंबोण घातलं, डॉक्टर आणला. शिवरंजनी धार काढायला बसली तर लाथ मारून हात सुजवला. आटलेली म्हैस किती दिवस बांधून ठेवायची? आई गेली ते मला वाईट वाटत न्हाय का?"

आटलेली म्हैस घेणारा व्यापारी तिला पुढं कुठं नेतो, ते गावात लहान पोरालाही माहीत आहे.

"तुझ्या आईनं दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं," माणिकप्पा म्हणाले. "करेव्वाला विकू नका. चर्चला द्या म्हणाली. मी व्हय म्हणालो. आता दान दिली. दान दिलेली चीज विकता येत न्हाय. ती माझी न्हाय आन् तुझी बी न्हाय."

माझं मन एकदम भरून आलं. काय सांगू! मरताना त्या बाईनं आपलं सर्वांत लाडकं जनावर प्रभूच्या मंदिराला दिलं. मेळाव्यातली माझी साक्ष शंभर टक्के खरी ठरली. पुढच्या मेळाव्यात हे कसं सांगायचं, त्याची पहिली दोन वाक्यंसुद्धा माझ्या डोक्यात तयार झाली. मी डोळे मिटून, हात जोडून उभी राहिले आणि आभाराची प्रार्थना सुरू करणार, इतक्यात मामा म्हणाले, "पण लिलाव करावा लागंल."

"कशाचा?" माणिकप्पांनी विचारलं.

"म्हशीचा. अर्पण आलं की लिलाव. नियम हाय. आन् आटलेली म्हैस आमच्यात कोण घेणार? बोली लावायला तुमचा नळदुर्गवालाच येईल बघा."

माणिकप्पांचा चेहरा पडला. दान दिलं की सुटलो, एवढाच हिशेब म्हाताऱ्यानं मांडला होता. आता उमाशंकरच्या दावणीला राहिली तरी व्यापारी, आणि चर्चच्या दावणीला आली तरी व्यापारीच. त्यांनी दावं परत घ्यायला हात पुढं केला, मग मागं घेतला.

"आटली न्हाय ती," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं, आणि लगेच जमिनीकडं. "अक्का, रागावू नका. रुद्रम्मानं तुमाला सांगू नका म्हणलं व्हतं."

"काय सांगू नका?"

"तीन सालाखाली हिचं पारडू मेलं बघा. पारडू मेल्यावर ही पान्हाच सोडंना. रुद्रम्मा दोन दिवस गयावया करायली. तिसऱ्या दिवशी सांजच्याला तुमी आत गात व्हता, आन् हिनं एकदम धार सोडली. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तवापास्नं खुंटा हिकडं आणला. पुढच्या वेताला पारडू जगलं, पर सवय गेली न्हाय. तुमचा आवाज आला की दूध, न्हाय आला की लाथ."

उमाशंकरनं हे नवीनच ऐकलं असावं. तो एकदा म्हशीकडं बघायचा, एकदा माझ्याकडं.

"मग मला सांगितलं का नाही कधी?" माझा आवाज चोरासारखा निघाला.

"रुद्रम्मा म्हणायची, अक्काला कळलं तर लाजून गायचं बंद करंल. मग आपुन काय करायचं?"

राजनंदिनीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"आन् या बारा दिसात तुमचा आवाजच न्हाय आला," माणिकप्पा पुढं म्हणाले. "आमाला कळलं की तुमी मयताचा मान ठिवला. आता बाई मेल्याली, आन् शेजाऱ्याला गा म्हणून सांगायचं कसं? आमाला बी शोभंना."

म्हणजे मी मान दिला, त्यांनी मान घेतला, आणि दोघांच्या शिष्टाचारात म्हैस उपाशी राहिल्यासारखी आटत गेली.

इथं मला हसू आलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मला राग आला. त्या मेलेल्या बाईचा. चारशे बाया, तो माईक, ती पुढच्या रांगेतली रडणारी म्हातारी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तीन वर्षं मी एका म्हशीला गाऊन दाखवत होते आणि सोलापुरात जाऊन प्रभूचं नाव लावून आले होते.

"आता गा की अक्का," माणिकप्पा म्हणाले. "येळ झालीच हाय."

"माझा घसा बरा नाही," मी म्हटलं. "राजनंदिनी गाईल. तीन परीक्षा पास आहे."

करेव्वाला खिडकीखालच्या खुंट्याला बांधून माणिकप्पा घरात जाऊन आले ते रुद्रम्माचं इरकल लुगडं धोतरावरून गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन. धार काढणारं माणूस बदललं की म्हैस बुजते, म्हणून तिच्या माणसाचं कापड अंगावर घ्यायची आमच्याकडं रीत आहे. मिशीवाल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा तो हिरवा पदर बघून पोरंबाळं, शेजारीपाजारी गोळा झाले, पण हसलं कुणी नाही. त्यांनी कास धुतली, चरवी गुडघ्यात धरली. राजनंदिनी खिडकीत उभी राहून गायली. सुंदर गायली. तिसरी ओळ तर अशी वर गेली की मलाच पहिल्यांदा कळलं, ती चाल मुळात तशी आहे.

करेव्वानं पाय उचलला. माणिकप्पा वेळेवर बाजूला झाले म्हणून वाचले.

"बाईंचं गाणं मोबाईलवर असंल तर लावून बघू," उमाशंकर म्हणाला. सगळ्यांनी आपापले मोबाईल तपासले. नाताळचं होतं, लग्नांचं होतं. माझं गाणं कुणाकडंच नव्हतं. तेवीस वर्षांत एकालाही भरून ठेवावंसं वाटलं नव्हतं.

शेवटी मीच आत गेले. आता खिडकीबाहेर पन्नास माणसं, आत्ताच ऐकलेलं राजनंदिनीचं गाणं कानात, आणि मनात राग. मी जपून गायले. सावकाश, हळू, तिसऱ्या ओळीला आवाज आवरून घेतला, कुठंही फाटू दिला नाही. आयुष्यात इतकं नीट मी कधीच गायले नव्हते. पूर्ण झाल्यावर कान देऊन थांबले. चरवीत काही वाजलं नाही.

"अप्पा, उठा आता," बाहेर उमाशंकर म्हणाला. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. "किती येळ बसणार? व्यापारी उद्या येईल, त्याला देऊन टाकू. आईला मी सांगतो काय सांगायचं ते."

माणिकप्पा उठले नाहीत. खिडकीतून मला दिसत होते. त्यांनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलं होतं, पदर खांद्यावर घसरला होता. माणसं एकेक करून निघाली. राजनंदिनी गेली, मामा फाटकाशी जाऊन उभे राहिले.

मी खिडकी सोडून वेदीपुढच्या सतरंजीवर बसले. प्रार्थना म्हणायला गेले तर शब्द सुचेनात. एवढंच म्हणाले की प्रभू, साक्ष खोटी होती, मला माफ कर, पण ह्या म्हाताऱ्याचं वचन मोडू देऊ नको. मग कुणासाठी नाही, नेम म्हणून गीत धरलं. तेरा दिवस झाले होते. दुसऱ्या ओळीला मला रुद्रम्माचं ते "उशीर झाला, हाडू" आठवलं आणि घसा भरून आला. तिसऱ्या ओळीला तो आवाज जो फाटला, तसा आधी कधी फाटला नसेल.

"थांबा, परत," मी डोळे पुसत म्हटलं. सवयीनं. आत पालसुद्धा नव्हती.

भिंतीपलीकडं चरवीच्या तळाशी धार वाजली. एक. मग दुसरी.

"अक्का!" माणिकप्पा ओरडले. "थांबू नका! परत म्हणलात न्हवं, मग घ्या की परत!"

मी खिडकीशी जाऊन पहिल्यापासून घेतलं. चरवी अर्धी भरली. उमाशंकर भिंतीला टेकून उभा होता आणि बापासारखाच रडत होता, पण पदर नसल्यामुळं त्याला हातानं तोंड झाकावं लागलं.

सकाळी नळदुर्गचा व्यापारी आला. करेव्वाच्या दुधाचा चहा पिऊन, म्हैस बघून, मान हलवून परत गेला. सुगीच्या सणाला मामांनी नियमाप्रमाणं लिलाव पुकारला. माणिकप्पा उभे राहिले आणि बोली लावली, "दर रविवारच्या चहाचं दूध." पुढं कुणी बोली वाढवली नाही. मामांनी एक वार, दोन वार, तीन वार इतक्या घाईनं म्हटलं की पाळकसाहेबांना ऐकूसुद्धा आलं नसेल. चर्चला दिलेली म्हैस पुन्हा त्याच खुंट्याला गेली.

मेळाव्यात यंदा मी पुन्हा उठले. सांगितलं, मागच्या वर्षीची ती भिंतीला टेकणारी शेजारीण टेकायची ते धार काढायला, माझं गाणं लागायचं ते म्हशीला, आणि हे माहीत असून तिनं मरेपर्यंत मला लाजू दिलं नाही. हसून हसून बायांची पुरेवाट झाली. कुणीतरी मागून विचारलं, "मग बाई, म्हैस प्रार्थनेला येते का अजून?"

"दोन वेळा," मी म्हटलं. "माझ्या आधी."

आता मला परगावी मुक्काम करता येत नाही. पुण्याला लेकीकडं गेले तर संध्याकाळी फोन लावून खिडकीत धरायला लावते, पण करेव्वा फोनला फसत नाही. माणिकप्पा रुद्रम्मासारखी हाक मारत नाहीत, नुसतं खाकरतात. मी दिवा लावते आणि गीत धरते. रोज दोन वेळा गाऊन गाऊन आवाज सुधारलाय म्हणतात. तिसऱ्या ओळीला कधी कधी फाटतच नाही. अशा दिवशी मी आपणहून थांबते, "थांबा, परत" म्हणते, आणि पहिल्यापासून घेते.